काठीनं मूळ धरलं

कडा सुटला आणि मैदान नदीत गेलं.

शाळेमागे, डोंगराच्या सोंडेवर, गेनबोगो गावाचं ते एकच मैदान होतं. आधी गवत फाटलं, मग गोलाचे खांब उभेच्या उभे चालायला लागले, असं ज्या पोरांनी पाहिलं ती सांगत. पाऊस सरत आला तरी त्यातला एक खांब खाली नदीच्या गाळात तिरका रुतून उभा होता. वाटेनं जाणारा प्रत्येक जण थांबून त्याच्याकडे बघायचा आणि चुकचुकायचा.

सिउने बघत नव्हता. तो नदीकाठच्या सपाटीवर फावड्यानं चर उपसत होता. चराच्या आत रताळ्याचे वाफे होते. ते त्याच्या बायकोनं, थेक्लानं लावलेले. थेक्ला त्याच पावसात गेली. ताप डोक्यात चढला, दरडीनं रस्ता बंद, गाडी येईना. रग्बीच्या संघातल्या पोरांनी दोन बांबूंना घोंगडी बांधली आणि तिला खांद्यावर घेऊन दवाखान्यासाठी डोंगर चढले. चढ संपायच्या आतच ती गेली. तिला वर चर्चच्या आवारात पुरलं.

वाफे मात्र तसेच होते. वेल माजून एकमेकांत गुंतले होते. गावात चर खणायचा आणि कुंपण घालायचं ते पुरुषानं, वेल लावायचे आणि रताळी काढायची ती बाईनं. आता बाई नव्हती. शेजारच्या रिकाम्या पट्ट्यात सिउनेनं परवा स्वतःच वाकून वेलाचं बेणं लावलं होतं, ते वाटेवरून बायकांनी पाहिलं.

आज पुन्हा त्या तिथून चालल्या होत्या, कपाळाला जाळीच्या पिशव्या लटकवून.

"वहिनी, आमच्यासाठी ठेवा हो थोडं बेणं!" त्यांच्यातली एक ओरडली.

"वहिनी, पाठ दुखते का?" दुसरी म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

सिउनेनं मान वर केली नाही. फावड्यानं चिखलाचा गोळा उचलला आणि नको तेवढ्या जोरानं बांधावर आपटला.

दुपारी बोमाई आला. बोमाई त्याचा चुलतभाऊ. तरुणपणी खेळताना मोडलेलं नाक तसंच वाकडं जुळलेलं, गळ्यात कायम शिट्टी. संघ त्याचाच होता. मागोमाग सिउनेची पोरगी डोर्का आली आणि बापाकडे न बघता बांधावर बसली. तिच्या येण्यावरूनच सिउनेला काय ते कळलं.

"दादा, सुपारी घे," बोमाई म्हणाला.

सिउनेनं सुपारी घेतली. चुना लावला, चावली, पिंक टाकली. फावडं हातातून सोडलं नाही.

"कुंडियावा शहरातून निरोप आलाय," बोमाई म्हणाला. "ज्या गावाला मैदान नाही त्या गावाचा संघ लीगमध्ये नाही. अन् यंदा पहिल्यांदा बायकांचे संघ घेणारेत. आपल्या पोरी कॉफीच्या झाडांतून पळतात, दादा. परवा एक झाडावर आपटली."

"मग?"

"मग काय. तूच बघ की सगळीकडे." बोमाईनं हात फिरवला. चारी बाजूंनी डोंगर उभे होते. बागा उतारावर अशा होत्या की काम करताना माणूस घसरू नये म्हणून काठी रोवून ठेवायचा. "सपाट म्हणजे हेच. सगळ्या खोऱ्यात हेच."

"इथं रताळी आहेत."

"वाफ्यांना हात लावत नाही. शपथ. खालचं कुनई गवत आहे ना, नदीपर्यंत, तेवढं दे. मी ढांगा टाकून बघितलंय. बसतं."

"बघितलंस? कधी बघितलंस?"

बोमाईनं डोर्काकडे पाहिलं. डोर्का म्हणाली, "मी टाकल्या ढांगा, बाबा."

सिउने चरातून वर आला आणि पुन्हा चरात उतरला. बोमाईनं घसा खाकरला. "ज्या पोरांनी तिला खांद्यावर घेतलं, ती पोरं..."

"ते बोलू नकोस."

"नाही बोलत."

"बोललास."

सिउनेनं चार फावडी चिखल बांधावर टाकला. मग सिउने म्हणाला, "गवत घ्या. या चराच्या अलीकडे पाय आला तर फावड्यानं तोडीन."

"माझा तोड," बोमाई म्हणाला. "एक तसाही कामाचा नाही."

हा खेळ सिउनेच्या बापानं पहिल्यांदा पाहिला तेव्हा रस्त्याच्या कामावरचे मुकादम आणि पोलीस खेळत होते. बाप घरी येऊन म्हणाला होता, "लढाई चालू होती, पण सगळे कुऱ्हाडी विसरून आले होते." सिउने स्वतः फारसा खेळला नाही. वेड थेक्लाला. सामना असला की ती मैदानाच्या काठाला बसायची, बोटं न बघता पिशवी विणत राहायची आणि पंचापासून सगळ्यांचा उद्धार करायची. कुणी धावणाऱ्याच्या मानेला लोंबकळला की तिचं ठरलेलं होतं: "पाय धर! डोकं काय धरतोस? लग्नाचं डुक्कर आहे का ते, मिरवायला?" सिउने शरमेनं दुसरीकडे जाऊन बसायचा.

गवत कापायला दोन्ही काठांची माणसं आली. नदीपलीकडे थेक्लाचं माहेर. तिचा भाऊ केरेंगा आपली पोरं घेऊन आला, कारण मैदान झालं तर त्यांच्याही संघाला जवळ पडणार होतं. कोयते चालले, बायकांनी गवताची मुळं ओढून काढली, संध्याकाळी सुरूचे चार जुने सोट सोलून खांब उभे केले. बोमाई शिट्टी वाजवत इकडून तिकडे लंगडत धावत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

सिउने सगळा दिवस आपल्या चरावर उभा राहिला. कुणाचा पाय येतो का ते बघत. त्यामुळे नदीच्या बाजूला काय चाललंय ते त्यानं पाहिलंच नाही.

तिथं केरेंगाची पोरं बाजूची रेषा आखत होती. खुंट्या हव्या होत्या. काठाला लाल पानांचं तांगेत नावाचं झुडूप वाढलेलं होतं. त्याच्याच काठ्या सरळ, हाताशी. पोरांनी त्या छाटल्या आणि खुपसत गेली. नदीला लागून वेतांनी भरलेला चिखल होता, पाय गुडघ्यापर्यंत जायचा, म्हणून ती सहा-सात ढांगा आत सरकली आणि तिथं रांग लावली. उद्या-परवा दोरी बांधून नीट करू, असं म्हणाली. दोरी कुणी बांधली नाही. रात्रीपासून पुन्हा पाऊस लागला.

त्या पावसातच पोरींचा सराव सुरू झाला. संध्याकाळी डोर्का घरी यायची ती कोपरं सोललेली, केसांत चिखल, ओठ फुटलेला. चुलीपाशी बसून आवाज न करता खायची.

"रताळी विकतची का आणलीस?" सिउनेनं एकदा विचारलं.

"मग कुठली खायची?"

सिउनेनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"बाबा, आईची जून झाली असतील. किडा लागेल. डुकरांनी कुंपण उकरायला सुरुवात केलीय."

"कुंपण मी बघतो."

"कुंपणाचं नाही म्हणत मी."

"मग कशाचं म्हणतेस?"

"मी काढते. तुम्ही येऊ नका. मी एकटी काढते."

"हात लावायचा नाही."

डोर्कानं ताटली खाली ठेवली. "तिनं खाण्यासाठी लावली होती," ती म्हणाली आणि अंधारात पाय धुवायला गेली.

सिउने उठला, दाराशी गेला, परत आला. असं त्याचं चाललेलं असायचं. घरात बसवेना, बागेत बसवेना. चर्चच्या आवारात जायचा तर तिथं पोचायच्या आधीच काहीतरी आठवून मागे फिरायचा.

पाऊस थांबला आणि कुंडियावाहून लीगचा माणूस मोजायला आला. शांत, टापटीप माणूस, हातात मोजपट्टीचं चाक. मैदानाची लांबी बरोबर भरली. रुंदी मोजली, परत मोजली.

"कमी आहे," तो म्हणाला. "सहा-सात ढांगा हव्यात. या बाजूला घ्या नाहीतर त्या."

त्या बाजूला चर आणि थेक्लाचे वाफे. या बाजूला तांगेतची रांग.

"ह्या काठ्या काय, आत्ता सरकवतो," बोमाई म्हणाला आणि पहिल्या काठीला हात घालायला वाकला. वाकला तो तसाच राहिला.

काठीला पानं फुटली होती. लाल, ओली, बोटाएवढी. त्यानं पुढची बघितली, त्याच्या पुढची. सगळ्या रांगेनं मूळ धरलं होतं.

माणसं गोळा झाली. कुणी काठीला हात लावेना. खुंटी असती तर उपटली असती. पण लावलेलं तांगेत जगलं की ती हद्द. ज्याच्या हातानं लागलं त्याची. ते दुसऱ्यानं उपटायचं नसतं. त्यावरून याच खोऱ्यात घरं जळली होती, आणि ती जळताना पाहिलेली माणसं आज इथं उभी होती.

"केरेंगाला बोलवा," सिउने म्हणाला.

केरेंगा आला. तो उंच, हडकुळा, दाढी पिकलेली. रांगेवरून चालत गेला, एकेका पानाला बोट लावत.

"पोरांनी खुणेला लावल्या होत्या," बोमाई म्हणाला. "खेळाच्या खुणा."

"लावल्या कुणी?"

"तुझ्याच पोरांनी. पण..."

"जगल्या का?"

"जगल्या. दिसतंच आहे."

"मग मी काय बोलू?" केरेंगा म्हणाला. "जगलेली काठी मी उपटणार नाही. रांगेपासून नदीपर्यंत आमचं."

गेनबोगोची पोरं पुढं सरकली. पलीकडचीही सरकली. लीगच्या माणसानं मोजपट्टी गोळा करून बगलेत धरली. "मला दोन दिवसांनी कळवा," तो म्हणाला. "नाही जमलं तर यंदा राहू दे. पोरींचं पुढच्या वर्षी बघू."

तो गेला. कुणी वाफ्यांकडे बघितलं नाही, पण सगळे मुद्दाम तिकडे बघायचं टाळत होते हे सिउनेला समजत होतं. डोर्का सगळ्यांत मागे उभी होती. तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट गळ्यात अडकवले आणि अनवाणी घरी गेली. ते बूट तिला थेक्लानं आणून दिले होते.

सकाळी धुकं खोऱ्यात भरलेलं होतं. सिउने फावडं घेऊन खाली उतरला. वाफ्यांकडे वळला नाही. सरळ मैदान ओलांडून तांगेतच्या रांगेशी गेला. पायाखालचं नवं गवत ओलं होतं. त्यानं एक काठी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. येईना. पाय रोवून पुन्हा ओढली. माती हलली, मुळं कटकट वाजली.

"उपटा, दाजी."

केरेंगा पलीकडे, चिखलात उभा होता. पायांना गाळ लागलेला. तोही धुक्यातच आला होता.

"उपटा की. थांबलात का?"

"तू काय करतोयस इथं?"

"राखतोय. मला माहीत होतं तुम्ही येणार."

सिउनेनं काठी सोडली नाही. "माझी जमीन आहे."

"असेल. तुम्ही उपटा, मी घरी जातो, माणसं घेऊन येतो. मग कुणाची ते ठरेल."

"सहा ढांगांच्या चिखलासाठी?"

"हो."

"इथं तुला काय पिकवायचंय, बेडूक?"

केरेंगा हसला नाही. "तुम्हाला काय जातंय बोलायला. तुम्ही वर चर्चात जाता, क्रूस आहे, नाव आहे, बसता."

सिउने तिथं बसत नव्हता. पण ते त्यानं सांगितलं नाही.

"आमच्या आईला तो चढ चढवत नाही, दाजी. बहिणीला पुरलंत तेव्हा रस्ता बंद, नदीला पूर. आम्ही काठावर उभं राहून बघितलं, ही पोरं तिला घेऊन वर जाताना दिसली. मुंगीएवढी. तेवढंच. आई रोज विचारते, ती कुठे आहे? मी काय दाखवू?" त्यानं काठीकडे हनुवटी केली. "ही रांग पोरांनी आंधळेपणानं खुपसली आणि सगळीच्या सगळी जगली. आईला सांगितलं तर म्हणाली, बघ, पोरीनं जागा दिली. आता मी जाऊन सांगू का, परत घेतली म्हणून?"

सिउनेचे हात सैल झाले. हातांना तांगेतची माती लागली होती ती त्यानं मांडीला पुसली. इकडे तिकडे बघितलं. धुक्यात खांब दिसत होते, वाफे दिसत नव्हते.

"इथं तिचं काही नाही," तो म्हणाला. "या चिखलात ती कधी उतरलीसुद्धा नाही. जळवांना भ्यायची."

"माहीत आहे. लहानपणापासून भ्यायची."

"तिचं तिकडे आहे."

"कुठे?"

"चल."

केरेंगा रांग ओलांडून आला. ओलांडताना काठीला पाय लागू नये म्हणून त्यानं ढांग उंच टाकली. दोघं मैदान कापून चरापाशी आले. सिउनेनं चरावरून उडी मारली. वेलांच्या गुंत्यासमोर तो थांबला. मग त्यानं फावडं बांधाला टेकवलं आणि गुडघ्यांवर बसला.

"फावडं लागेल," केरेंगा म्हणाला.

"फावड्यानं कापली जातात. ती हातानं काढायची."

वेल बाजूला करून त्यानं वाफ्यात हात घातला. माती उबदार होती. बोटांना पहिलं लागलं ते मऊ, सडलेलं, वास आला. दुसरं किड्यांनी पोखरलेलं. तिसरं काढलं ते मनगटाएवढं, लाल, घट्ट. त्यानं ते अंगावरच्या सदऱ्याला पुसलं आणि केरेंगाच्या हातात दिलं. केरेंगानं ते उलटंपालटं केलं आणि त्याच्यासमोर, वाफ्याच्या पलीकडच्या बाजूला, गुडघ्यांवर बसला.

दोघं खणत राहिले. ऊन आलं, धुकं उठलं. वेल तुटले तिथून पांढरा चीक येऊन हातांना चिकटला आणि काळा पडला. सडलेली एका बाजूला, चांगली एका बाजूला. सडलेल्यांचा ढीग मोठा होत गेला. सिउनेला ते बघवेना, पण हात थांबेनात. एकदा त्याला मातीत बाईच्या बोटांएवढं भोक दिसलं, बेणं खोचताना करतात तसं, इतक्या पावसानंतरही बुजलं नव्हतं. किड्याचं असेल. त्यावरून त्यानं हात वळसा घालून नेला.

वाटेवरून बायका आल्या. वाफ्यात दोन पुरुष गुडघ्यांवर बघून एकीनं तोंड उघडलं, दुसरीनं तिच्या दंडाला धरलं. त्या तशाच पुढे गेल्या.

डोर्का आली तेव्हा शेवटचा वाफा चालला होता. ती चराच्या काठावर थांबली.

"बघत काय राहिलीस?" सिउने म्हणाला. "मामाला पिशवी आण. आजीला न्यायचीत."

ती हलली नाही. "बाबा, मग हे... हे सपाट करायचं?"

"आधी बेणं कापून घे. सगळ्या वेलाचं. शेंडे चांगले बघून घे, नंतर म्हणू नकोस सांगितलं नाही."

"अन् तांगेत?"

"तांगेत तिथंच राहील," सिउने म्हणाला. "मामाचं आहे."

केरेंगा पिशवी भरत होता. त्यानं मान वर केली नाही. जाताना त्यानं डोर्काकडून बेण्याची एक जुडी मागून घेतली आणि पिशवीवर आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी चर बुजवला. बोमाईनं पहिलं फावडं मारलं आणि सिउनेकडे बघितलं. सिउने वरच्या दरडीवर, मैदानाच्या अगदी कडेला, वाकून बेणं लावत होता. खडकाळ जागा, उतार. कुणी त्याला वहिनी म्हटलं नाही, आणि तेही त्याला खटकलं.

पोरींचा पहिला सामना नदीपलीकडच्या संघाशीच होता. सगळं खोरं लोटलं. तांगेतच्या पलीकडे केरेंगाची माणसं बसली. त्यांच्यामागे चिखलात उंच ढीग घालून कुणीतरी वेल लावले होते. एका खाटेवर थेक्लाची म्हातारी आई होती, उचलून आणलेली. इकडे दरडीवर गेनबोगोची माणसं. सिउनेला बसता येईना. बेण्यानं नुकती मान वर काढली होती आणि लोक दिसेल तिथं पाय ठेवत होते.

"पाय उचला! बेणं आहे! ए, तुझ्या बापाचं आहे का, पाय उचल!"

"वहिनी, बसा की हो," मागून कुणी म्हणालं. "सामना बघू द्या."

तो सामन्याकडे पाठ करून होता. आरडाओरडा वाढला तेव्हा फक्त वळला. पलीकडची एक उंच, दणकट पोरगी चेंडू काखेत घेऊन सुटली होती. दोघींना पाडून आली. तिच्यासमोर मोकळं रान, नवी माती, जिथं अजून गवत धरलं नव्हतं. बाजूनं डोर्का धावत आली आणि तिच्या मानेला लोंबकळली. ती पोरगी थांबेना. डोर्काला ओढत नेऊ लागली, डोर्काचे बूट मातीत रेघा काढत होते.

"पाय धर!"

सिउनेला आधी कळलंच नाही कोण ओरडलं. घसा चिरल्यासारखा झाला.

"पाय धर, पोरी! डोकं काय धरतेस! पाय!"

डोर्कानं मान सोडली, घसरत खाली आली आणि दोन्ही घोटे कवटाळले. ती पोरगी झाडासारखी आडवी झाली. चेंडू उडाला. दोघी मातीत घसरत गेल्या.

मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, तांगेतच्या रांगेत, केरेंगा उभा राहिला होता. तो सिउनेकडे बघत होता. मग त्यानं तोंडाशी हात धरले आणि पाण्यापलीकडे ऐकू जाईल असं ओरडला, "लग्नाचं डुक्कर आहे का ते, मिरवायला!"

त्याच्याच माणसांनी त्याच्या पाठीत गुद्दे घातले. "अरे, आपल्या पोरीला काय म्हणतोस!" खाटेवरची म्हातारी वळून विचारत होती, काय झालं, कोण बोललं.

सिउनेनं खाली पाहिलं. तो बेण्यात उभा होता. टाचेखाली एक वेल चिरडला होता, त्याचा चीक निघाला होता. तो खाली बसला, माती सारून वेल पुन्हा खोचला आणि अंगठ्यानं दाबू लागला. अर्धा दाबून झाला, तेवढ्यात पुन्हा ओरडा उठला, चेंडू या बाजूला येत होता, आणि तो तसाच काळ्या बोटांनी उभा राहिला.